आठ ते पंधरा

भाड्याच्या सर्व्हरबरोबर आठ पत्ते मिळाले,
शेवटचा आकडा आठ ते पंधरा.
सोसायटीच्या मीटिंगमध्ये दत्ताराम टिकम म्हणाले,
आठाचे पैसे मोजलेत.
मी म्हटलं, वापरायला पाच.

आठ नंबर कुणाला द्यायचा नाही, तो त्या जागेचाच.
पंधरा हाकेसाठी : तिथे बोललं की सगळ्यांना ऐकू जातं.
नऊ हा दरवाजा,
आत-बाहेर जे काही होईल ते त्याच्यातून.
टिकमकाकांनी चहाची बशी खाली ठेवली.
म्हणाले, म्हणजे एक राखणदाराचा,
एक घंटेचा, एक उंबऱ्याचा.
मग बरोबर. पाच तर पाच.
मला हे कळायला एक अख्खी परीक्षा नापास व्हावं लागलं होतं.

सर्व्हर कुठे आहे ठाऊक नाही,
थंड देशातल्या कुठल्याशा खोलीत, बिलावर एवढंच.
मी देवगडला, बर्फ कारखान्याच्या मागे.
खिडकीवर कुणीतरी जाळं सुकत टाकलंय,
त्याच्या भोकांतून खाडी तुकड्यातुकड्याने दिसते.
इथे बसून त्या एका यंत्राच्या पोटात
मी सहा यंत्रं उभी करते,
ना पत्रा ना खिळा.
प्रत्येकाला आधी कार्डाचा नंबर, बारा अक्षरी,
जे कार्ड कुठल्या कारखान्यात कधी बनलंच नाही,
आणि तो नंबर सर्व्हरवाल्यांच्या वहीत नोंदवते.
नोंद नसलेल्याचं पाकीट ते दारातच बुडवतात
न सांगता, न विचारता.
दोन रात्री माझी बुडाली.
बंदरावरसुद्धा कपाळावर नंबर नसलेल्या होडीला
निदान शिवी तरी मिळते.

यंत्रं सहा, पत्ते पाच.
हे मला माहीत होतं, आणि तरी
पहाटे साडेतीनला, डोळ्यांत मीठ गेल्यासारखं होत असताना,
बारा नंबर मी दोघांना दिला :
लिलावाच्या भावांना, आणि बर्फाच्या तापमानाला.

संध्याकाळी शेडमधल्या पडद्यावर
सुरमई, किलोला उणे अठरा.
गुलाब मोंडकर टोपलीवर हात ठेवून उभी,
"काय गो, सुरमय फुकट,
आणि वर अठरा रुपये तूच देतलंस?"
तिकडे कारखान्यात यासीनचा फोन,
बर्फ सहाशे ऐंशी अंशांवर आहे म्हणे,
पळू की थांबू?
मिनिटाभरात सगळं जागेवर.
पुढच्या मिनिटाला पुन्हा उणे अठरा.
शेड हसत होती. मी नाही.

रात्री गल्लीत हाक टाकली : बारा कोण?
दोन उत्तरं आली.
मी. मी.
दोन वेगळी कार्डं, एकच नाव,
आणि दोघंही खरं बोलत होते,
कारण दोघांना मीच तसं सांगितलेलं.

बारा लिलावाकडे राहिला.
बर्फाला आतला पत्ता दिला, गल्लीबाहेर ज्याला कुणी ओळखत नाही.
बाहेर जायचं तर थोरल्याचं नाव सांगायचं,
उत्तर त्याच्या दारात येईल, तो आत पोचवेल.
इथली अर्धी माणसं अशीच जगली,
अमक्याचा धाकटा, तमक्याकडचा.
यासीनला बोलले तर म्हणाला,
बर्फाला काय, गार राहण्याशी मतलब.

गुरुवारी कुरियरवाल्याचा फोन.
मॅडम, घर नंबर?
नाही.
गल्ली? सोसायटी?
मी, जिने आठवडाभर
नसलेल्या यंत्रांना पत्ते वाटले,
म्हटलं, बंदरावर या, कुणालाही विचारा.

जाळ्यातून मला तो दिसला,
धक्क्यावर स्कूटर उभी करून, हाताचा कर्णा करून,
हेमांगी खवणेकर कोण?

जेट्टीवर चाळीसेक माणसं असतील.
सगळ्यांनी ऐकलं, माना वर केल्या,
मासे निवडायला लागली.
गुलाबनेच तेवढं सुरीचं टोक माझ्या खिडकीकडे केलं.